दरडोई वाटा

देशाचं कर्ज लोकांना सोपं करून सांगायला सरकारनं एक माणूस नेमलेला होता, आणि त्या माणसाशी त्याच्या खात्यात कुणी फारसं बोलत नसे. कारण तो बोलायला लागला की समजावून सांगायला लागायचा. लिफ्ट बंद आहे, एवढं म्हणायची खोटी, की लिफ्ट का बंद पडते, दुरुस्तीचं कंत्राट कसं निघतं आणि तो खर्च कुठल्या खात्यावर पडतो, हे जिना संपेपर्यंत ऐकावं लागायचं. म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. बिचाऱ्यानं जन्मात कधी शाळेत शिकवलं नव्हतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

अर्थखात्याच्या मागच्या इमारतीत, तळमजल्यावर, जनरेटरच्या खोलीला लागून मास्तरांची खोली. टेबल, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट, आणि जुन्या पत्रकांचे गठ्ठे. दुसऱ्या खुर्चीवरही गठ्ठेच असत, कारण तिच्यावर बसायला कुणी येत नसे. वर्षाकाठी मास्तरांच्या हातून एकच गोष्ट बाहेर पडायची. करभरणीच्या नोटिशीबरोबर घरोघर जाणारं, चार घड्यांचं पत्रक : ‘आपलं राष्ट्रीय कर्ज, सोप्या शब्दांत’. बहुतेक लोक ते न उघडता फेकून देत. मास्तरांना हे ठाऊक होतं. स्वतःच्या इमारतीच्या कचऱ्याच्या डब्यात त्यांनी ते घडीसकट पडलेलं पाहिलं होतं. तरी दर वर्षी ते अशा निष्ठेनं लिहायचे, की जणू सगळा देश श्वास रोखून वाट बघतोय.

लिहायची त्यांची एक पद्धत होती. पत्रकाचा कच्चा मसुदा खिशात घालून ते घरी यायचे आणि स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बायकोसमोर बसायचे. बायको पडद्यांच्या दुकानात शिलाईचं काम करायची. संध्याकाळी ती मटार सोलायला घ्यायची आणि मास्तर एकेक वाक्य वाचून दाखवायचे. वाक्य ऐकताना तिचे हात चालू राहिले, तर वाक्य पास. हात थांबले, शेंग अर्धी उघडून बोटांत तशीच राहिली, की नापास. मग मास्तर त्या वाक्यावर काट मारायचे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवं घेऊन बसायचे. मटार नसले तर बटाटे, बटाटे नसले तर धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणं. हातात काम असलं म्हणजे झालं. काय कळलं, हे त्यांनी तिला कधी विचारलं नाही. विचारायची गरजच काय? हात सांगत होते की.

ह्या पद्धतीवर त्यांचा इतका विश्वास, की खात्यात कुणी एखादा शब्द बदलायला सांगितला तर ते ताठ होऊन म्हणायचे, ‘हे वाक्य चाचणीतून गेलंय.’ कसली चाचणी, हे साहेब लोकांनी कधी विचारलं नाही आणि मास्तरांनीही मटारांचं नाव काढलं नाही.

गेल्या वर्षीचं पत्रक छापून आलं आणि नंतर थोड्याच दिवसांत बायको गेली. दुखणं आधीपासून होतं म्हणे. डॉक्टर मास्तरांना तसं म्हणाले, तेव्हा मास्तरांनी मान डोलावली, जणू त्यांनाही ते माहीत होतं. त्यांना काही माहीत नव्हतं.

आणि नेमकं ह्याच वर्षी खात्यात नव्या मॅडम आल्या. मॅडम वाईट नव्हत्या. नीटनेटक्या, मोजकं बोलणाऱ्या, आणि कुठलीही गोष्ट ‘पूर्वीपासून असंच चालत आलंय’ एवढ्यावर सोडून न देणाऱ्या. जुन्या पत्रकांचा गठ्ठा त्यांनी मागवून घेतला, एक संपूर्ण दुपार वाचला आणि मास्तरांना बोलावलं.

“मास्तर, हे कुणाला कळतं?”

“सर्वसामान्य करदात्याला, मॅडम.”

“तुम्ही त्याला भेटलाय कधी?”

मास्तर काय सांगणार? भेटलो होतो, घरीच असायची, असं?

मॅडमनी ठरवलं, की पत्रक छपाईला जाण्याआधी साध्यासुध्या करदात्यांना बोलावून त्यांच्यापुढे वाचायचं. ज्यांना कळलं त्यांनी हात वर करायचा. लोकांना काही कळलंच नाही, तर काम एका जाहिरात कंपनीकडे जाणार. कंपनीनं नमुना पाठवूनही दिला होता. त्यात डोळे मिचकावणारा, हातपाय असलेला पैशांचा गल्ला होता आणि तो म्हणत होता, ‘चला, कर्जाशी दोस्ती करू या!’ तसं झालं तर मास्तरांची बदली जुन्या कागदांच्या तळघरात, निवृत्त होईपर्यंत. तिथे समजावून सांगायचं तर उंदरांना. घरी बोलायला कुणी उरलं नव्हतंच. पत्रक गेलं असतं तर ऑफिसातही बोलण्यासारखं काही उरलं नसतं.

पहिली चाचणी वरच्या मजल्यावरच्या प्रशिक्षण हॉलमध्ये झाली. एकात एक बसणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचा जार, चहा आणि बिस्किटं. एक बसचालक आला होता, ड्यूटीवरून थेट, गणवेशातच. एक लाँड्रीवाला होता, त्याच्या शर्टाची इस्त्री बघून बाकीच्यांना आपापल्या शर्टाची लाज वाटावी. केस कापण्याच्या दुकानात काम करणारी एक मुलगी होती, ती बसल्याबसल्या सगळ्यांच्या डोक्यांकडे बघत होती. एक नर्सबाई होत्या, प्रसूती वॉर्डातून निवृत्त झालेल्या, मांडीवर मोठी पर्स. त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. आणखी चार-पाच जण होते. मॅडम मागच्या रांगेत वही घेऊन बसल्या.

मास्तरांनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. सरकारचा खर्च करातून येणाऱ्या पैशापेक्षा जास्त होतो, तेव्हा सरकार रोखे विकतं, म्हणजे कागद देऊन पैसे उसने घेतं. इथवर लोक ऐकत होते. मग आलं मास्तरांचं आवडतं उदाहरण. दर वर्षीच्या पत्रकात ते असायचंच. समजा, तुम्ही घरासाठी तीन दारांचं कपाट हप्त्यांवर घेतलंत. पगार पुरत नाही म्हणून कपाटाचे हप्ते भरायला मेहुण्याकडून पैसे घेतलेत. मेहुण्याचे फेडायला ऑफिसच्या पतपेढीतून घेतलेत.

बसचालकानं हात वर केला. “ऐपत नव्हती तर तीन दारांचं कशाला घेतलं?”

“ते उदाहरण आहे.”

“पण दोन दारांचं चाललं असतं ना?”

“मेहुणा बिनव्याजी देतो का?” लाँड्रीवाल्यानं विचारलं. “माझा नाही देत. त्याच्यापेक्षा पतपेढी बरी.”

“कपाट कुठल्या लाकडाचं?” आणखी कुणीतरी.

कपाटापायी अर्धा तास गेला. मास्तर घामाघूम झाले. इतकी वर्षं हे उदाहरण कुठे अडखळलं नव्हतं. अडखळणार कसं? ते कपाट त्यांच्याच घरात होतं. बायकोनंच पसंत केलं होतं, तिच्याच भावाकडून पैसे घेतले होते. हे त्यांच्या त्या क्षणी लक्षात आलं आणि कानशिलं गरम झाली.

शेवटी ते दरडोई वाट्यावर आले. देशाच्या एकूण कर्जाला लोकसंख्येनं भागलं, की प्रत्येक माणसाच्या डोक्यावर अमुक इतका वाटा येतो. आकडा मोठा होता. हॉलमध्ये एकदम शांतता पसरली. मास्तरांना वाटलं, चला, इथे तरी गाडी रुळावर आली.

लाँड्रीवाला उठून उभा राहिला. चेहरा उतरला होता. “साहेब, हा वाटा भरायची शेवटची तारीख कोणती?”

“तो भरायचा नसतो हो. ती फक्त समजण्यासाठी केलेली विभागणी आहे.”

“भरायचा नसेल तर सांगता कशाला? माणसाचा जीव घाबरतो ना.”

मॅडमनी हात वर करायला सांगितलं. दोन हात वर झाले. त्यातला एक केस कापणाऱ्या मुलीचा होता, आणि दुकानाची वेळ झाली होती म्हणून ती तशीच हात वर धरून दाराकडे निघाली होती.

लोक गेल्यावर मॅडम म्हणाल्या, “पुढच्या आठवड्यात हीच माणसं पुन्हा बोलावते. एकदा. पण तेव्हा मला सगळे हात वर दिसले पाहिजेत, मास्तर. घरोघर जाणारा कागद आहे. खोलीतल्या एकाला कळला नाही, तर बाहेरच्या किती जणांना कळणार नाही, ह्याचा हिशेब तुम्हीच करा. एक हात खाली राहिला तरी पत्रक कंपनीकडे.”

मॅडम गेल्या. नर्सबाई तेवढ्या मागे रेंगाळल्या होत्या. कुणी सांगितलेलं नसताना त्यांनी सगळ्यांचे चहाचे कप गोळा केले, विसळले, ओळीनं उपडे घातले. मग पर्सचा बंद खांद्यावर घेत म्हणाल्या, “पुढच्या आठवड्यात नक्की आहे ना? नाही, म्हणजे फोन करून रद्द करतात बऱ्याचदा.”

“नक्की आहे,” मास्तर म्हणाले. त्यांचं लक्ष नव्हतं.

त्या आठवड्यात मास्तरांनी काय काय केलं, ते सांगायला बरं वाटत नाही. केस वाढलेले नसताना ते न्हाव्याकडे गेले आणि कात्री चालू असताना त्याला रोख्यांविषयी वाचून दाखवलं. न्हाव्याची कात्री एकदाही थांबली नाही. मास्तरांना क्षणभर धीर आला, पण मग दिसलं, की त्याच्या कानात रेडिओची वायर आहे. शेजारच्या वहिनींना त्यांनी जिन्यात गाठलं, तर त्यांनी दोन वाक्यांतच ‘गॅसवर दूध आहे’ म्हणून दार लावून घेतलं. त्यांच्या घरातून दुधाचा वास काही आला नाही. एका संध्याकाळी मास्तर मटार घेऊन आले. टेबलापाशी बसले, मसुदा समोर ठेवला, आणि स्वतःच सोलत स्वतःच मोठ्यानं वाचू लागले. चार ओळी झाल्या. मग समोरच्या खुर्चीकडे बघवेना. मटार तसेच फ्रिजमध्ये ढकलून त्यांनी लेकीला फोन लावला.

लेक दुसऱ्या शहरात होती. नवरा, लहान मूल, नोकरी. बापाचा फोन ती घ्यायची, पण कामात राहूनच घ्यायची.

“ऐक,” मास्तर म्हणाले, “आणि हातात काहीतरी काम घे.”

“हातात कामच आहे, बाबा. कपड्यांच्या घड्या घालतेय.”

“उत्तम. घालत राहा.” त्यांनी वाक्य वाचलं. “थांबलीस का?”

“काय थांबले का?”

“घड्या घालायची थांबलीस का?”

“बाबा, हे आईसारखं करताय का तुम्ही?”

“मग काय करू? ती असती तर दोन संध्याकाळींत मार्गी लागलं असतं. तिला बरोबर कळायचं कुठे अवघड आहे ते. तेवढी समज मी कुठल्या अधिकाऱ्यात बघितली नाही.”

“बाबा, आईला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही.”

“काहीतरीच बोलू नकोस. तिचे हात थांबायचे. मी डोळ्यांनी बघितलंय.”

“थांबायचे. पण वाक्य अवघड होतं म्हणून नाही थांबायचे.” लेक हसली. आईनं ही गोष्ट तिला हसतच सांगितली असणार, म्हणून तीही हसत होती. “मला तिनं सांगितलं होतं. म्हणाली, सगळी वाक्यं पास झाली की हे उठतात आणि आत जाऊन पेपर उघडून बसतात, ते पार पुढच्या वर्षीच्या पत्रकापर्यंत. म्हणून मी मधूनमधून हात थांबवते. एक वाक्य नापास केलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येतात बरोबर समोर बसायला.”

मास्तरांनी हातातला मसुदा टेबलावर ठेवला.

“बाबा? आहात ना?”

“आहे.”

“तक्रार म्हणून नव्हती सांगत ती. गंमत म्हणून सांगत होती.”

“मला का नाही बोलली?”

“तुम्ही विचारलंत कधी?” एवढं बोलून लेकीलाच कसंतरी झालं असावं. “बरं, हा उठलाय, रडतोय. उद्या करते मी फोन. जेवून घ्या.”

फोन ठेवून मास्तर बसून राहिले. तक्रार असती तर भांडता आलं असतं. गमतीला काय उत्तर देणार? आणि मग त्यांना गेल्या वर्षीचं पत्रक आठवलं. गेल्या वर्षी एकही वाक्य पहिल्या खेपेला पास झालं नव्हतं. एकही नाही. साधं ‘सरकार कर घेतं’ हे वाक्यसुद्धा तिनं नापास केलं होतं. मास्तर वैतागले होते. ‘तुझं लक्ष कुठे असतं हल्ली?’ असं म्हणाले होते. ती म्हणाली होती, ‘इथेच आहे. उद्या पुन्हा वाचा.’ तिला डॉक्टरांनी सांगितलेलं होतं तेव्हा. तिला आपला नवरा आणखी काही संध्याकाळी समोर हवा होता आणि तो मिळवायचा एकच रस्ता तिला माहीत होता. आणि हा शहाणा माणूस समोर बसून तिला व्याजाचा दर समजावून सांगत होता. मास्तर रडले. चांगले हमसून रडले. रडताना मधेच त्यांच्या लक्षात आलं, की हे कुणाला सांगावं तर सांगायला कुणी नाही, आणि मग आणखी रडले.

दुसऱ्या चाचणीला ते मसुदा घेऊन गेले, पण टेबलावर पालथा ठेवला. कपाटाचं उदाहरण त्यातून कधीच काढून टाकलं होतं. रात्रभर झोप नसल्यानं डोळे सुजले होते. मॅडम मागे येऊन बसल्या. मास्तर म्हणाले, “आज मी वाचत नाही. तुम्हीच विचारा.”

लोकांना हे नवीन होतं. कर घेणारी माणसं प्रश्न विचारतात, विचारू देत नाहीत. मग बसचालकानं सुरुवात केली.

“सरकार पैसे घेतं कुणाकडून? देतो कोण एवढे?”

“बँका देतात, विमा कंपन्या देतात, पेन्शनचे फंड देतात. तुमच्या पगारातून जो पैसा पेन्शनसाठी कापला जातो ना, त्यातलाही काही भाग सरकारच्या रोख्यांत जातो.”

“म्हणजे घेणारे आम्ही, देणारेही आम्हीच?”

“पुष्कळसं तसंच. काही बाहेरच्यांचंही असतं.”

“मग फेडा म्हणून आमच्या मागे कोण लागणार? आम्हीच?” बसचालक खूश झाला. आपणच आपल्याला देणं लागतो, ही कल्पना त्याला फारच आवडली.

“मूळ रक्कम कुणी एकदम मागत नाही. जुने रोखे संपले की नवे विकून ते फेडतात. व्याज मात्र दर वर्षी द्यावंच लागतं, आणि ते तुमच्या करातून जातं. कर्ज फार वाढलं की व्याज वाढतं, मग शाळेला, रस्त्याला, दवाखान्याला कमी उरतं. काळजी करायची ती त्याची.”

“असं सरळ सांगा ना,” लाँड्रीवाला म्हणाला. “आठवडाभर मी बायकोशी बोललो नाही त्या वाट्याच्या धसक्यानं.”

मग नर्सबाईंनी विचारलं. पर्सवर दोन्ही हात ठेवून, हळू आवाजात. “तो जो डोक्यावरचा वाटा म्हणालात. माणूस गेला की त्याच्या वाट्याचं काय होतं?”

मास्तरांनी ह्या प्रश्नाचं उत्तर कधी पत्रकात लिहिलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. “कर्ज तेवढंच राहतं,” ते म्हणाले. “माणसं एकानं कमी होतात. मग त्याचा वाटा राहिलेल्यांत वाटला जातो.”

“त्याच्या घरच्यांत?”

“नाही, सगळ्यांत. देशातल्या सगळ्यांत.”

“म्हणजे आमचे हे गेले, त्यांच्या वाट्याचं ह्यांच्यावरही आलं?” त्यांनी बसचालकाकडे बोट केलं.

“आलं. पण इतकं थोडं, की त्यांना कळलंही नसेल.”

“खरंच कळलं नाही हो,” बसचालक ओशाळून म्हणाला. “कुणी सांगितलंच नाही.”

“तुमच्या घरचं कुणी?” नर्सबाईंनी मास्तरांना विचारलं.

“बायको,” मास्तर म्हणाले. “गेल्या वर्षी.”

“मग तिचंही थोडं आमच्याकडे आहे की.”

केस कापणारी मुलगी जमिनीकडे बघत बसली. लाँड्रीवाल्यानं मान हलवली, एखाद्याची वस्तू सांभाळायला घेतल्यासारखी. बसचालकाला तेवढ्यात शंका आली, की मग बाळ जन्मलं की काय होतं? तर नर्सबाईच त्याच्याकडे वळून म्हणाल्या, “अहो, सोपं आहे. बाळ आलं की डोकी वाढली, तुमचं ओझं केसभर कमी. मी वॉर्डात जेवढी बाळं बाहेर काढली ना, तेवढं ओझं तुमच्या डोक्यावरून उतरवलं असं समजा. पण म्हणून कर्ज कमी झालं नाही हां. वाटेकरी वाढले. आणि हा वाटा कुणी मागायला येत नाही. नुसतं समजायला काढलेलं माप आहे.” बसचालकाला पटलं. इतकं नेटकं मास्तरांनाही सांगता आलं नसतं.

मॅडमनी वही मिटली. त्या पहिल्यांदाच हसल्या. “ज्यांना आता कळलं, त्यांनी हात वर करा.”

हात वर झाले. बसचालकाचा सगळ्यात उंच. केस कापणाऱ्या मुलीचा, लाँड्रीवाल्याचा, बाकीच्यांचे. नर्सबाईंचे दोन्ही हात पर्सवरच होते.

“बाई, तुम्हाला नाही कळलं?” मॅडमनी विचारलं.

“नाही ना.” नर्सबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. “पुन्हा एकदा बसावं लागेल. पुढच्या आठवड्यात वगैरे.”

“अहो, तुम्हीच तर आत्ता मला समजावलंत!” बसचालक म्हणाला.

“तुम्हाला समजावलं. मला कुठे कळलंय?” नर्सबाई लाल झाल्या होत्या, पण हात काही उचलला नाही.

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. ते नर्सबाईंच्या हातांकडे बघत होते.

मॅडमनी मास्तरांना खुणेनं दारापाशी बोलावलं आणि आवाज खाली आणला. “त्यांना कळलंय, उघड आहे. मग नाही का म्हणताहेत? तुम्ही नक्की सांगा, म्हणजे मी हा हात वर धरून चालते. पण कारण मला नोंदवावं लागेल.”

कारण मास्तरांना माहीत होतं. सगळ्या इमारतीत त्यांच्याइतकं नक्की कुणालाच माहीत नव्हतं. ह्या बाईंच्या घरी कुणी नाही, इथे चहा मिळतो, माणसं बोलतात, आणि हात वर केला की उद्यापासून पुन्हा तेच घर. एवढंच सांगायचं होतं. मॅडम ते वहीत लिहिणार होत्या, नाव आणि पत्त्यासमोर. पत्रक राहिलं असतं, खोली राहिली असती. मास्तरांनी मागे वळून बघितलं. नर्सबाई त्यांच्याकडेच बघत होत्या आणि डोळ्यांत भीती होती, आपली चोरी पकडली जाईल अशी.

“नाही, मॅडम,” मास्तर म्हणाले. “त्यांना नाही कळलं. माझंच काहीतरी राहून गेलंय.”

“मास्तर, पत्रक जाईल.”

“हो.”

मॅडमनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि निघून गेल्या. माणसंही एकेक करून गेली. बसचालकानं जाताना मास्तरांचा हात हातात घेऊन दाबला, कशासाठी ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. हॉल रिकामा झाला. नर्सबाई उठून कप गोळा करू लागल्या.

“पुढच्या आठवड्यात किती वाजता यायचं?” त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं. आवाजात केवढा तरी आनंद होता, आणि तो लपवायचा प्रयत्न अजिबात जमत नव्हता.

पुढचा आठवडा नव्हता. पुढच्या आठवड्यात मास्तर तळघरात असणार होते. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मग एक खुर्ची ओढून तिच्यासमोर दुसरी ठेवली.

“पुढचा आठवडा कशाला?” ते म्हणाले. “राहू द्या ते कप. बसा. कुठपासून नाही कळलं तुम्हाला?”

नर्सबाई बसल्या. पर्स त्यांनी मांडीवरून काढून खाली जमिनीवर ठेवली.

“अगदी पहिल्यापासूनच,” त्या म्हणाल्या. “सावकाश सांगा. मला काही घाई नाही.”

“मलाही नाही,” मास्तर म्हणाले, आणि आता ते खरंच होतं.